तयारी नसताना बोललेलं

लढाई सुरू होती त्या महिन्यांत इथल्या, हिंदी मुलखातल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी लागली होती. हे पहाटे जात आणि दिवेलागणीला परतत. आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांना काळा कागद डकवलेला होता, बल्बलाही कागदाची टोपी घातलेली होती. त्या दिवसांत आमच्या घरात दोन दिवस एका इंग्रजी शब्दाचा शोध चालला. मला इंग्रजीतली अक्षरं तेवढी ओळखता येतात. तरी सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारले, आणि एरवी मी कोणाला काही विचारत नाही.

यांच्या सेक्शनमधले जुने मिस्त्री निवृत्त झाले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पाळी सुटल्यावर चहा, हार, नारळ असा बिदाईचा छोटा कार्यक्रम झाला. मोठे साहेबही येऊन बसले. फोरमनने भाषण केलं आणि मग एकदम यांच्याकडे वळून म्हणाला, "चलो भैया, तुम भी दो शब्द बोलो."

हे उभे राहिले आणि म्हणाले, "उस्ताद दसों उंगलियां सलामत लेकर जा रहे हैं. जो नई प्रेस लगी है, उस पर हममें से कोई दस लेकर नहीं जाएगा."

पंधरा दिवसांपूर्वीच त्या पत्रा दाबायच्या प्रेसवर आमच्या शेजारच्या कामगाराची दोन बोटं गेली होती. तो जवळच्या पाटन गावाकडचा, नुकतंच लग्न झालेला. त्याची बायको आणि मी एकाच नळावर पाणी भरायचो. चौकशीत लिहिलं गेलं होतं की प्रेस ठीक आहे, कामगाराचं लक्ष नव्हतं. अजून त्यावर वरची सही व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी यांच्या हातात मेमो पडला. लढाई चालू असताना कामगारांचं मन खचेल असं का बोललात? हे आधी ठरवून बोललात का? कोणाच्या सांगण्यावरून? चार दिवसांत लेखी उत्तर द्या. यांनी मला तो वाचून मराठीत सांगितला, मग घडी घालून देवाच्या फळीवर ठेवला.

"काहून बोलले तुम्ही असं?" मी विचारलं.

"मी कुठं ठरवून बोललो? उभा राहिलो अन् उस्तादांचे हात दिसले. निघून गेलं तोंडातून."

"मग तसंच लिहा ना."

"इंग्रजीत कसं लिहू? शब्द चुकला तर नोकरी जाईल. नोकरी गेली की क्वार्टरही गेलं." असं म्हणून ते जेवायला बसले, पण जेवले नाहीत.

ऑफिसातला टायपिस्ट बाबू यांचा मित्र होता. तो संध्याकाळी आला आणि दारातूनच म्हणाला, "अरे, इतना क्या सोचते हो? लिख दो, स्लिप ऑफ टंग. मैंने ऐसे दस जवाब टाइप किए हैं. साहब भी खुश, तुम भी बचे. भाभीजी, चाय पिलाओ."

यांनी लगेच वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं. बाबू चहा पिऊन गेल्यावर मी विचारलं, "याचा अर्थ काय होते?"

"जीभ घसरली."

"म्हणजे बोलायचं एक होतं अन् बोलून गेलं दुसरंच?"

"हो, तसंच."

"मग प्रेसचं बोलले ते खोटं होतं का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं कसं? मी स्वतः पाहिलं. मशीनवर हात अडवायची जाळी नाही. झोपेला आलेला माणूस हात काढेपर्यंत ते खाली येते."

"पण जीभ घसरली लिहिलं तर साहेब म्हणतील, प्रेस चांगली आहे, हाच म्हणून राहिला की चुकून बोललो. मग शेजारच्याचीच चूक ठरेल."

यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना माझा राग आला असावा. भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती. आम्हाला तिचा आवाज येत होता, म्हणजे तिलाही आमचा जात असणार. मग यांनी वही मिटली.

रेल्वे कॉलनीच्या टोकाला एक म्हाताऱ्या बाई राहत. त्यांचे यजमान इंजिन ड्रायव्हर होते, ते वारले होते. बाई पूर्वी मुलींच्या इंग्रजी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना टीचरजी म्हणत. मी त्यांचे कपडे शिवायची. सहा वर्षांत मी त्यांच्याशी "नाप ठीक है?" यापुढे बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा परकर शिवून तयार होता, तो घेऊन गेले. परकर दिला आणि तिथेच उभी राहिले.

"और क्या है?" त्यांनी विचारलं.

मी आधी म्हणाले, "नाप देख लो." पण एकदा तोंड उघडल्यावर सगळं सांगून टाकलं.

"स्लिप ऑफ टंग?" टीचरजी जवळजवळ ओरडल्याच. "नो, नो. वो तो मंडे बोलना हो और संडे निकल जाए, तब. बैठो तुम."

मी खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांना फार दिवसांनी वर्ग भरल्यासारखं वाटलं असावं. बोटावर मोजत त्या एकेक शब्द सांगू लागल्या.

पहिला, स्पर ऑफ द मोमेंट. घोडेस्वाराच्या टाचेला लोखंडी काटा असतो. तो टोचला की घोडा उधळतो. तसा तो क्षणच माणसाला टोचतो आणि तो बोलून जातो. मला हे फार आवडलं. पण घोडा कोणीतरी टोचल्याशिवाय उधळत नाही.

"साहब पूछेंगे, कांटा किसने मारा," मी म्हणाले. "बोलने को तो फोरमन ने बोला था."

"ओह! तब तो बेचारा फोरमन गया." त्या हसल्या आणि दुसरं बोट धरलं. ऑफ द कफ. म्हणजे शर्टाच्या बाहीच्या टोकावरून. पूर्वी म्हणे लोक ऐन वेळी दोन शब्द तिथे खरडून घेत आणि बघून बोलत.

"तो थोड़ी तैयारी हुई ना?"

"थोड़ी सी."

"और इनकी तो आधी बांह की शर्ट है, टीचरजी. पूरी बांह मशीन में फंसती है."

टीचरजी इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मी उठून पाणी दिलं. मला स्वतःचंच नवल वाटत होतं. शब्दाच्या पोटात घोडा असतो, शर्ट असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मराठी शब्दांतही असेल, पण रोजचे म्हणून आपण बघत नाही.

तिसरा शब्द एक्स्टेंपोर. शाळेत स्पर्धा असायची. चिठ्ठी उचलायची, त्यात जो विषय येईल त्यावर तिथल्या तिथे तीन मिनिटं बोलायचं. "हमारी लड़कियां इसके लिए कप लाती थीं," त्या म्हणाल्या. तिथे तयारी न करता बोलल्याबद्दल कप आणि यांना मेमो. पण हे काही स्पर्धेत उतरले नव्हते. तो शब्द लिहिला तर साहेबांना वाटेल, मिरवायला बोलला.

मग टीचरजींनी चष्मा काढला. "देखो, पहले ये बताओ. तुम्हारा आदमी सॉरी है कि नहीं? ये पता होगा तो शब्द मिलेगा. नहीं तो डिक्शनरी में बहुत पड़े हैं."

हे यांनाच विचारायला हवं होतं. मी पिशवी घेऊन निघाले. वाटेत शेजारीण भेटली. एका हाताने डोक्यावरची कळशी धरून तिने दुसऱ्याने माझी पिशवी चाचपली आणि विचारलं, "क्या लाई दीदी?" मी म्हणाले, "कुछ नहीं."

संध्याकाळी यांना घोडा, शर्ट आणि कप सगळं सांगितलं. शर्टाचं ऐकून हे पुष्कळ दिवसांनी हसले. मग मी टीचरजींचा प्रश्न विचारला. "तुम्हाला वाईट वाटून राहिलं का, बोलल्याचं?"

"भीती वाटून राहिली," ते म्हणाले. "वाईट नाही वाटत. पण ठरवून नाही बोललो, तर त्या बोलण्याला वजन काय? साहेब म्हणतील, तोंडाला आलं ते बोलला."

तेव्हा मला माझं पहिलं हळदीकुंकू आठवलं. लग्न होऊन मी नवीनच इथे आले होते. उखाण्याचं आपल्या सगळ्या बायकांना माहीत असतं. महिनाभर आधी पाठ करायचा आणि आत्ताच सुचला असा चेहरा करून म्हणायचा. मलाही आईने चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. पण वीस बायकांसमोर "नाव घे, नाव घे" सुरू झालं आणि त्या चारही ओळी डोक्यातून गेल्या. मी खाली बघून यांचं नुसतं नाव घेतलं. मागे ना पुढे काही. बायका पोट धरून हसल्या. कित्येक वर्षं कमानिया गेटच्या बाजारात भेटल्या तरी विचारायच्या, "काय गं, जुळली का ओळ?"

मी यांना म्हटलं, "त्या दिवशी माझी तयारी नव्हती. पण नाव तर बरोबरच घेतलं ना? ते चुकलं असं कोणी म्हणालं नाही. हसल्या तेवढ्या."

यांनी वही ओढली आणि आधीचं सगळं खोडलं. घोडा नाही, शर्ट नाही, कप नाही. त्यांनी साधं लिहिलं, विदाउट प्रिपरेशन. मला समजावून सांगितलं, तयारीशिवाय. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी तयारीशिवाय बोललो. कोणी शिकवलं नव्हतं. आणि त्याखाली आणखी एक वाक्य, की प्रेसबद्दल जे बोललो ते मी रोज डोळ्यांनी बघतो.

"दुसरं वाक्य नसतं तर वाचलो असतो," ते म्हणाले.

"मग खोडता का?"

"नाही."

उत्तर दिल्यावर दोन दिवस काहीच झालं नाही. मी डाळीत दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी यांना बोलावलं. हे घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"काय झालं?"

"ताकीद मिळाली. फाईलला लागली. यंदा बढती नाही, मिस्त्री होत नाही मी." त्यांनी चपला काढल्या. "पण नोकरी आहे. शेजारच्याची चौकशी पुन्हा करतील. तोवर त्या प्रेसवर जाळी लावायला सांगितली."

मी देवापुढे हात जोडले. पण मनात एक गोष्ट राहिलीच होती. "अन् शब्दाचं काय म्हणाले? तो बरोबर होता का?"

"शब्दाचं कोणी काही विचारलं नाही. साहेबांनी कागद वाचला अन् मशीनचा नंबर विचारला."

मला जरा वाईटच वाटलं. दोन दिवस शोधला होता. मग मी हाताला लागलेलं पीठ झटकलं आणि शेजारणीला बातमी सांगायला गेले. वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. तिच्या दारात पोचले तेव्हा त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"जाली लग रही है," एवढंच मी म्हणाले.