रहोबोथ, म्हणजे ऐसपैस

घराचं नाव साधं असलं की ते पाटीवर गप्प राहतं. कठीण असलं की येणारा प्रत्येक जण अर्थ विचारतो, अर्थ सांगायला घरात कुणीतरी टपलेलंच असतं, आणि किस्से साचत जातात. आमच्याकडे ते इतके साचलेत, की माणसांना बसायला जागा उरलेली नाही. म्हणून थोडे बाहेर काढते.

*

नगरमधल्या आमच्या गल्लीत सगळी ख्रिस्ती घरं. घराला नाव द्यायचं ते पवित्र शास्त्रातलं, ही रीत. त्यामुळे गल्लीत तीन बेथेल आणि दोन शालोम. पोस्टमन सगळ्यांची पत्रं मधल्या बेथेलात टाकून मोकळा व्हायचा. माझे सासरे अण्णा, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना गल्लीत कुणाचंच नसलेलं नाव हवं होतं. ते त्यांना शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात सापडलं: रहोबोथ.

पाटी रंगवायला आलेल्या पेंटरनं अर्थ विचारला. अण्णांनी सांगितला. सांगून होईपर्यंत डब्यातल्या रंगावर साय धरली होती म्हणे. रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा, हे कळल्यावर पेंटरनं आमच्या अडीच खोल्यांवर एक नजर फिरवली.

"मास्तर, मंग पाटी घराला लावू का अंगनाला?"

*

मी लग्न होऊन आले बाहत्तरच्या मे महिन्यात. पांढरी साडी, हातात कोमेजलेला गुच्छ, डोक्यावर दुपारचं ऊन. उंबऱ्यावर अण्णांनी मला थांबवलं. मला वाटलं, प्रार्थना असेल. मी डोळे मिटले. अण्णांनी पाटीकडे बोट केलं.

इसहाकाच्या माणसांनी गराराच्या खोऱ्यात विहीर खणली. तिथले गुराखी म्हणाले, पाणी आमचं. तिचं नाव एसेक, म्हणजे कज्जा. इसहाक तिथून सरकला, दुसरी खणली. पुन्हा भांडण. ती सितना, म्हणजे वैर. तो आणखी पुढे सरकला, तिसरी खणली. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही. ती रहोबोथ. परमेश्वरानं आता आम्हाला ऐसपैस जागा दिली, असं इसहाक म्हणाला. वर्गात शिकवावं तसं सगळं, मूळ हिब्रू उच्चारासकट.

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या नेवाशाकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. "अवो, तीन हिरी झाल्या. पोरीला पानी दिलं का कुनी?"

*

त्या साली पाऊस आलाच नाही. ऑगस्टात नळ आठवड्यातून दोनदा, तोही करंगळीएवढा. आमचा दूधवाला धोंडिबा रोज पाटी वाचायचा. एके सकाळी त्यानं अण्णांना विचारलं, "मास्तर, हे हिरीचं नाव ना? ती हीर कुठशी हाय?"

"पॅलेस्टाईनात."

धोंडिबानं माप किटलीत बुडवलं. "व्हय? मंग टँकरला उशीर व्हनारच."

*

आता अडीच खोल्यांचं सांगते. पुढच्या खोलीत अण्णा, त्यांची खाट, त्यांची पुस्तकं आणि माझे दोन दीर. स्वयंपाकघरात सासूबाई आणि नणंद. उरलेली अर्धी आमची. पूर्वी तिथं कांदे आणि सरपण असायचं. खिडकी नव्हती, पण दार होतं, आणि नव्या नवरीला दार पुरतं.

हे कोल्हारच्या बाजूला साखर कारखान्यात क्लार्क. क्वार्टर अजून मिळालेलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. आमचा संसार म्हणजे शनिवार आणि रविवार.

रविवारच्या उपासनेसाठी गावोगावचे उपदेशकही शनिवारीच नगरला यायचे. स्टँडवरून आमची गल्ली जवळ. पाटी वाचून थबकायचे, अर्थ विचारायचे, आणि अर्थ ऐकल्यावर पुढे कशाला जातील?

पहिल्याच शनिवारी एक उपदेशक सपत्नीक आले. अण्णांनी आमची खोली दिली. हे पुढच्या खोलीत दिरांमध्ये झोपले, मी स्वयंपाकघरात पाट्या-वरवंट्याशेजारी. सासूबाई काही बोलायला गेल्या, तर अण्णा म्हणाले, "दारावर रहोबोथ लिहायचं आणि माणूस परत पाठवायचा?"

लग्नानंतरच्या त्या पहिल्या शनिवार-रविवारात हे माझ्याशी एकच वाक्य बोलले. "मीठ आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

*

पुढच्या शनिवारी पेटीसकट एक भजनी गृहस्थ. त्याच्या पुढच्या शनिवारी सुप्याचे एक जण, ते अर्थ नीट समजला नाही म्हणून आठ दिवस राहिले. चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. त्यामुळे उपासना चालू असताना मी यांना पाहून घ्यायची. तेवढीच भेट.

मग सासूबाईंनीच युक्ती काढली. रविवारी रात्री त्यांनी यांचा डबा मुद्दाम भरलाच नाही. "पहाटं भरीन, ही घिऊन यील स्टँडवर," म्हणाल्या.

नगरचा स्टँड, फलाटभर माणसं, कोंबड्या, बोचकी. आम्ही दोघं एका खांबाला टेकून उभे. बारा मिनिटं मिळाली. त्या बारा मिनिटांत मला कळलं, की यांना कारलं आवडत नाही, आणि हसताना यांचा डावा गाल आधी हलतो.

हे म्हणाले, "अण्णांना सांगू या, रहोबोथ सापडलं."

एसटी लागली. हे चढले, खिडकीशी बसले, शेजारची जागा रिकामी होती. तेवढ्यात मागून आमचे पाहुणे धावत आले आणि तिथं बसले. माझ्याकडे पाहून त्यांनी प्रेमानं हात हलवला.

*

सहा महिने झाले, तसं गल्लीत विचारणं सुरू झालं. मधल्या बेथेलातल्या मावशी सासूबाईंना म्हणाल्या, "सूनबाईकडून काही बातमी?"

मी तांदूळ निवडत होते, मान खाली घातली.

सासूबाई वळचणीला पाहुण्यांची गोधडी वाळत घालत होत्या. त्यांनी ती नीट झटकली. "बातमीला जागा लागती, बाई."

*

नाताळच्या तोंडावरचा शनिवार. दिवेलागणीला हे आले, हातपाय धुऊन चहाला बसले, तोच दारात टांगा थांबला. अण्णांचे जुने वर्गमित्र, आता पाळकसाहेब, बरोबर बाई आणि एक ट्रंक. मुक्काम पाच दिवस.

अण्णांचा चेहरा खुलला. पाळकसाहेबांना खरं म्हणजे अर्थ माहीत असणार, पण ते सभ्य गृहस्थ; त्यांनी विचारला. एसेक झालं, सितना झालं, रहोबोथ झालं. मग अण्णांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी उठले, अंथरूण काढायला.

सासूबाई माझ्या आधी उठल्या. पुढच्या खोलीत गेल्या, अण्णांच्या खाटेवरची गादी गुंडाळली आणि दाराबाहेरच्या ओट्यावर नेऊन पसरली. दोन्ही दिरांच्या वळकट्याही तिच्याशेजारी नेऊन टाकल्या. परत आल्या, खाटेवर पाहुण्यांसाठी धुतलेली चादर घातली.

अण्णा म्हणाले, "हे काय?"

सासूबाई चादरीची सुरकुती काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "वीस वर्सं ऐकतीय मी. येक डाव भांडान झालं, इसहाक सोता सरकला. दुसऱ्या डावाला झालं, तवाबी सोताच सरकला. लेकाला सरकवल्याचं मला तरी कदी ऐकू आलं न्हाई."

पाळकसाहेब चहाच्या बशीत बघत राहिले.

अण्णांनी चष्मा लावला. शास्त्र उघडलं, सव्विसावा अध्याय काढला आणि पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत, ओठ हलवत, पूर्ण वाचला. मग पुन्हा एकदा मधलाच भाग वाचला. पुस्तक मिटलं. उशी काखेत घेतली, कानटोपी चढवली आणि ओट्यावर गेले.

थोड्या वेळानं बाहेरून हेडमास्तरी आवाज आला.

"सूनबाई, तुमच्या खोलीचं दार लावून घ्या. मला इथं वारा लागतो."