सगळ्यांचे एकच चुकीचे उत्तर

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. शिक्षकांच्या खोलीत त्यांना मागून ‘कशावरून’ म्हणतात आणि हे त्यांना ठाऊक आहे. कोणी म्हटले, आज शिपाई येणार नाही, की त्या विचारणार, “कशावरून?” चहा आला की आधी कप उचलून तळ पाहणार. नवऱ्याने भाजी आणली तर पिशवी त्याच्यादेखत ओट्यावर उलटी करतात. हे मला त्यांच्या नवऱ्यानेच सांगितले. सांगताना तो हसत होता, पण मनापासून नाही.

मी शाळेचे हिशेब पाहतो. पगार जमा झाला असे मी कळवले तर इतर लोक “बरं” म्हणतात. बाई “बघते” म्हणतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. वाणिज्य शिकलेल्या माणसाला विश्वासाने जमाखर्च जुळत नाही, एवढे कळते. शिवाय बाईंची नोकरी अजून करारावरच आहे. सत्र संपत आले की पुढच्या वर्षाचा करार येतो की नाही या धास्तीत त्या असतात. अशा माणसाने कपाचा तळ पाहिला तर नवल काय?

यंदा शिक्षण कार्यालयाने सातवीची आकलन चाचणी ठेवली. एक प्राचीन आख्यायिका द्यायची, मुलांनी ती वाचायची आणि खालच्या प्रश्नांची उत्तरे लिहायची. प्रश्नपत्रिकांचे सीलबंद पाकीट माझ्या कपाटात होते. चाचणीच्या आदल्या दिवशी बाई खोलीत आल्या.

“भाऊसाहेब, पाकीट दाखवा.” त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिले. “हे सील असंच आलं होतं?”

“असंच.”

“तिरकं वाटतंय.”

“बाई, सरळ लावायला ती काय भिंतीवरची तसबीर आहे?”

“तुम्ही हसताय, म्हणजे काहीतरी आहे,” असे म्हणून त्या गेल्या.

मलाही ते खटकले. पाकीट पाहायचे यांना काय कारण? दुपारी त्या सातवीकडून जुन्या आख्यायिकांचा सराव करून घेत होत्या. वर्गावरून जाताना आतून आवाज आला, “छापलंय म्हणून खरं मानायचं नाही. राजा सांगतो म्हणून तर मुळीच नाही.” तेव्हा मी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या वेळी पाकीट उघडले आणि मी आख्यायिका वाचली तेव्हा मात्र ते वाक्य डोक्यात फिरू लागले.

आख्यायिका अशी. एका नगराला वेढा पडतो. एका रात्री वेशीचा दरवाजा उघडा सापडतो आणि शत्रू आत शिरतो. राजा नावेतून निसटतो आणि पुढे सांगतो, की म्हाताऱ्या बहिऱ्या द्वारपालाने सोन्याच्या लोभाने दार उघडले. द्वारपालाचा दगड होतो आणि येणारे-जाणारे त्या दगडाला खडे मारतात. प्रश्न होता, दरवाजा कोणी व का उघडला? उत्तरसूचीत उत्तर होते, द्वारपालाने, लोभाने.

आमच्या सातवीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी लिहिले, राजाने.

उत्तरपत्रिका परत आल्या त्या शेऱ्यासकट. कार्यालयाच्या तपासनीसांनी लिहिले होते, ‘बरोबर उत्तर सगळ्यांचे सारखे येऊ शकते. चुकीचे उत्तर सारखे येत नाही. सामूहिक नक्कल.’ हे सिद्ध झाले तर वर्गाची चाचणी रद्द होणार होती आणि बाईंचा करार तिथेच थांबणार होता.

हेडसरांनी मला बोलावले. “पाकीट तुमच्याकडे होतं. बाई आल्या होत्या?”

बाईंनी सील पाहिल्याचे मी सांगितले आणि दुपारी कानावर आलेले वाक्यही सांगितले. दोन वह्यांत एकच चूक असेल तर एक वही दुसरीवरून उतरवलेली असते, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले होते. माझा बाईंवर संशय होता. नंतर कळले की बाईंचा माझ्यावर होता.

तपासनीस स्वतः चौकशीला आले. सडपातळ गृहस्थ, पाण्याची बाटली घरची, आणि बसायला दार दिसेल अशी खुर्ची निवडली. बाईंची आणि त्यांची जोडी चांगली जमली असती.

हेडसर म्हणाले, “बाई, साहेबांना सांगा, आमची मुलं असं करणार नाहीत म्हणून.”

“ते मी कशाला सांगू?” बाई म्हणाल्या. “मलाही वाटतंय, केली असेल.”

हेडसरांनी कपाळाला हात लावला. “अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?”

“साहेब, एकेकाला आत बोलवा. उत्तर विचारू नका, ते आता सगळ्यांना पाठ झालं असेल. कुठली ओळ वाचून तसं वाटलं ते विचारा. उतरवणाऱ्याला ओळ दाखवता येत नाही.”

माझ्याच खोलीत टेबल मांडले. मुले एका दाराने आत यायची आणि दुसऱ्या दाराने बाहेर जायची, म्हणजे कुजबुजायला वाव नको. बाई कोपऱ्यात बसल्या.

पहिल्या मुलीने उताऱ्यावर बोट ठेवले. “अडसर उचलायला सात माणसं लागत, असं लिहिलंय. म्हातारा एकटा कसा उचलेल?”

दुसऱ्या मुलाने वेगळीच ओळ दाखवली. राजाच्या पेट्या संध्याकाळीच नावेत चढवल्या होत्या. “साहेब, जो आधीच सामान बांधतो त्याला आधीच माहीत असतं.”

तिसरी म्हणाली, शत्रूने शीळ घालून इशारा केला, पण द्वारपाल तर बहिरा. आणि एक गोल तोंडाचा मुलगा तपासनीसांनाच विचारू लागला, “सोनं मिळाल्यावर तो पळून नाही का जाणार? तिथंच कशाला थांबेल? दगड व्हायला?”

तपासनीसांनी उतारा पुन्हा हातात घेतला. इतका वेळ ते मुलांकडे संशयाने पाहत होते, आता राजाकडे पाहू लागले.

माझ्याही मनातली गाठ सुटली. बेरीज एकच, पण रीत ज्याची त्याची वेगळी. असे हिशेब उतरवलेले नसतात.

मग बाईंची भाची आत आली. त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, रोज मावशीबरोबरच शाळेत येते. तिनेही ‘राजाने’ लिहिले होते.

“कुठल्या ओळीवरून?” तपासनीसांनी विचारले.

तिने उतारा जवळ ओढला. बोट एकदा वरच्या परिच्छेदावर गेले, एकदा खालच्या. “सगळ्यांनीच तसं लिहिलंय ना,” ती शेवटी म्हणाली.

“मुलगी घाबरलीय,” तपासनीस मला म्हणाले. “जाऊ दे. पुढची बोलवा.”

“थांबा,” बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “हिनं उतरवलंय. शेजारच्या मुलीचं.”

“बाई, भाची ना तुमची?”

“भाची आहे म्हणून तर मला दिसतंय. खोटं बोलताना ती नखं खाते.”

मुलीने घाईघाईने बोट तोंडातून काढले.

तपासनीसांनी तिला बाहेर पाठवले आणि पेन खाली ठेवले. “हे पाहा. एकीचं जरी नाव घातलं तरी अहवालात ‘नक्कल आढळली’ हे शब्द येतात. तुमचा करार मंजूर करणारे लोक त्याच्यापुढे वाचत नाहीत. मी काही ऐकलं नाही, असं समजू का?”

मी म्हणालो, “बाई, जरा पाणी प्या.”

“प्यायलेय,” बाई म्हणाल्या. “लिहा साहेब.”

त्यांनी लिहिले.

दुसऱ्या दिवशी फाटकाशीच बहिणीने त्यांना गाठले. “ताई, परक्यांची पोरं तारलीस आणि घरची बुडवलीस! कोण करतं असं?”

“एका प्रश्नाला शून्य मिळालंय. बुडवली कुठं?”

“आणि तुझी नोकरी गेली म्हणजे?”

बाई पिशवी खांद्याला लावून वर्गाकडे निघाल्या. सत्र संपेपर्यंत बहीण त्यांच्याशी बोलली नाही.

कार्यालयाचा आदेश माझ्याच टेबलावर आला. सामूहिक नकलेचा शेरा मागे घेतला होता. उत्तरसूची बदलली नव्हती, त्यामुळे ‘राजाने’ लिहिणाऱ्या कोणालाच त्या प्रश्नाचे गुण मिळाले नाहीत. बाईंचा करार एका वर्षासाठी वाढवला होता, सोबत वर्गावर नीट लक्ष ठेवण्याची ताकीद. बाईंनी कागद पुढून वाचला, मागून पाहिला, उजेडात धरला.

“ताकीद दिलीय म्हणजे ठेवायचा विचार दिसतोय,” त्या म्हणाल्या. “काढायचंच असतं तर ताकीद कशाला वाया घालवतील?”

कार्यालयाबद्दल त्यांच्या तोंडून एवढे चांगले मी प्रथमच ऐकत होतो.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गांचे पंखे बंद आहेत का पाहत निघालो, तेव्हा सातवीच्या वर्गात मावशी-भाची दिसल्या. मधे तोच उतारा होता.

“मावशी, राजानं नाही. द्वारपालानंच,” भाची म्हणत होती.

“ओळ दाखव.”

“ही बघ. दरवाजातल्या छोट्या दिंडीची किल्ली त्याच्या कमरेला होती. ते छोटं दार एकट्याला उघडता येतं. तिथून शत्रूचे सात जण आत आले आणि अडसर त्यांनी उचलला.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ दोनदा वाचली.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही.”

“आईनं?”

“आई तर तुझं नाव पण काढत नाही.”

“मग त्या शेजारच्या मुलीनं?”

“ती अजून राजाच म्हणते.”

बाई कितीतरी वेळ तिच्या नखांकडे पाहत राहिल्या. मग बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

“बस,” त्या म्हणाल्या. “आणि वर्गात एवढ्यात बोलू नकोस. उतरवतील.”