आबांची महिलासभा

आबा सरपंच नव्हते. सरपंच त्यांची बायको, सुमनबाई. तरी पंचायतीत खुर्चीवर आबाच पाय पसरून बसत आणि सुमनबाई दाराआडच्या बाकावर. कुणी काम घेऊन त्यांच्याकडे वळलाच तर आबा म्हणत, "तिला काय इचारून राह्यला? मी मेलो काय?"

टेंभुर्णीजवळच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. मी तापानं फणफणलो तेव्हा आबांनीच मोटारसायकलवर बसवून जालन्याला नेलं. माया होती माणसात. माया कुत्र्यातही असते.

ग्रामसभेआधी महिलासभा घ्यावी लागते. बायकांसाठी राखलेला पैसा कुठं लावायचा, ते बायकांनीच ठरवायचं. आबांनी तोड काढली होती. घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू, तीच महिलासभा. वाण म्हणून त्याच पैशातला स्टीलचा डबा. बाया डबा घेत, सही करत. "बायांचा पैसा बायांलाच गेला. बराबर हाय ना, भाऊसाहेब?" मी हसायचो.

हळदीकुंकवाला विधवांना बोलावणं नसतं. बौद्धवाड्यातही निरोप जात नसे. आठवडी बाजारात दिवसभर भाजी विकायला बसायच्या त्या नेमक्या ह्याच बाया, आणि त्यांना तिथं संडास हवा होता. एका संक्रांतीला विधवा शांताबाई दाराशी येऊन म्हणाली, "बाजाराच्या दिवशी आमी सकाळधरनं पाणी पेत न्हाई, आबा. तेवढं सभेत मांडा."

"पाणीच पेत न्हाई तर संडास कशाला लागतो?" आबा म्हणाले. ओट्यावरची माणसं हसली. शांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. महिलासभेला गावातली प्रत्येक बाई हवी, हा नियम मला पाठ होता. मी बशीतला चहा फुंकत राहिलो.

मग आबा गेले, छातीत कळ येऊन, बसल्या जागी. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

पुढच्या संक्रांतीला उपसरपंचानं तीच रीत त्याच्या अंगणात चालवली. सुमनबाईंना बोलावणंच नव्हतं. सहीसाठी मी त्यांच्या घरी गेलो.

"सभा माझी, अन् मलाच जाता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "हिला सभा म्हन्तेत का, भाऊसाहेब?"

"नाही. कधीच नव्हती."

"मंग ते होते तवा काहून न्हाई बोलले?" त्यांनी सही केली नाही. "बाजाराच्या दिवशी घ्या. भाजीच्या ओळीत."

त्या बाजारी सुमनबाई शांताबाईच्या पोत्यावर बसल्या आणि पहिला ठराव संडासाचा झाला. आबा असते तर हे झालं नसतं, असं लिहिताना मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की एवढं बोलायला मी त्यांच्या मरणाची वाट पाहिली.