एक बेल

आमच्या शेजारचे वैजनाथतात्या एसटीचे ड्रायव्हर. तेर-धाराशिव, धाराशिव-कळंब, उभी हयात त्याच रस्त्यांवर गेली. ते रिटायर झाले, त्यांचा उजवा पाय काही झाला नाही. कंडक्टरची एक बेल म्हणजे गाडी थांबवा; घरात ताटली पडून एकदा ‘टिंग’ वाजलं, की झोपेतसुद्धा तो पाय ब्रेक दाबायचा. त्यांची बायको, गजरामावशी, पाहुण्यांना मुद्दाम वाजवून दाखवायची.

कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी त्यांना योगासनं सांगितली. कंबर सुटली, तात्या मात्र अडकले. आसनांवरून श्वासावर गेले, श्वासावरून ध्यानावर. पहाटे त्यांचा ओंकार थंडीत जुनी गाडी स्टार्ट करावी तसा सुरू व्हायचा. आधी घुर्र, घुर्र, मग ओऽऽऽम, आणि मग चढावर दुसऱ्या गियरात. तोवर गल्ली हसत होती.

मग त्यांनी आपला रेडिओ पारावरचे सोबती बलभीमकाका यांना देऊन टाकला. संध्याकाळचं जेवण सोडलं. धान्याच्या खोलीत दाराला पाठ टेकून, आतून कडी लावून बसायला लागले.

“कंबर बरी झाली न्हवं? मग आता कशाला?” मावशी विचारायची.

“कंबर म्हंजी नुस्तं स्टँड, गजरा. गाडी पुढं जायाचीय.”

“कुठं?”

तात्या आढ्याकडं बघायचे.

“माझा देव चुलीपाशी बी येतो. तुमच्याच देवाला कडी लागती व्हय?”

म्हणायची भांडल्यासारखं, पण आवाज शेवटी पातळ व्हायचा.

त्या सकाळी बलभीमकाका धापा टाकत आले. त्यांचं बोलणं नेहमीच चाक पंक्चर झाल्यासारखं. “वैनी, वैनी, तात्या, त्ये काल, पारावर, म्हन्ले, उद्या समाधी घेनार!”

मावशीच्या हातातला गोळा परातीत पडला. आमच्या तेरात, संत गोरोबाकाकांच्या गावात, समाधी म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. नदीकाठच्या देवळात रोज त्यांच्या समाधीवरच डोकं टेकतो आम्ही. समाधी घेतलेला माणूस दुपारी जेवायला घरी येत नाही.

मावशी पळत खोलीपाशी गेली. कडी आतून होती.

“अवो!”

काही नाही.

“अवो, ऐकू येतंय का? ओ द्या की!”

मी दाराला कान लावला. घुर्र नाही, ओम नाही, श्वाससुद्धा नाही. त्यांचा पुतण्या उत्कर्ष पहार घेऊन आला.

“फोडू का, काकू?”

“थांब! दारालाच टेकून बसत्यात ते. डोस्क्यात बसंल.”

बलभीमकाका हात जोडून उभे राहिले होते. “हात खाली घ्या आधी!” मावशी ओरडली. मग चुलीपाशी जाऊन तांब्या आणि उलथनं घेऊन आली. पहिला फटका हुकला.

टिंग.

मग आत फरशीवर पाय आपटला.

“कोन उतरायचंय?”

मावशी होती तिथंच खाली बसली. कडी निघाली. तात्या घामानं भिजलेले, चिडलेले. “आत्ता कुठं लागली हुती समाधी!”

“लागली का घेतली?”

“लावनार म्हन्लो हुतो म्या! घेनार कोन म्हन्लं?”

सगळ्यांनी बलभीमकाकांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, “एकाच शब्दाचा तर फरक हाय.”

कुणी हसलं नाही. तात्या मावशीशेजारी उकिडवे बसले. आवाज एकदम खाली. “खरं सांगू? आत लई शांत हुतं. माघारी यावंच वाटंना. तू वाजवलं नसतंस तर...”

मावशीनं ते पुरं होऊ दिलं नाही. “कडी काढा दाराची.”

“भांड्यांचा आवाज येतोय गं.”

“येऊ द्या. भरल्या गाडीच्या कालव्यात तुमचं ध्यान रस्त्यावरनं हललं न्हाय. एका पातेल्यानं तुमचा देव उतरून जातोय व्हय?”

तात्या उठले, पेटीतून पेचकस काढला आणि कडी सोडवायला लागले. एक स्क्रू गंजून बसला होता. मावशी बाजूला उभी राहिली, तो निघेपर्यंत तांब्या हातातच धरून.