नऊ अंगठे

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या शाहिराचं सगळ्यात जहाल गाणं मी बंद पाडलं, आणि तेही लोकांच्या अंगठ्यांनी.

तो अमरावतीचा, माझा आतेभाऊ. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत डफ घेऊन वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांत गायचा. रेडिओवर त्याला कोण घेणार? स्वतःच एक चोपडी छापायची होती त्याला. त्याच्याकडे अभिप्रायाची वही असे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या सकाळी ती वस्तीत फिरे. लिहिता येत नसे ते सांगत, मी लिहून घेई, ते खाली अंगठा देत. तो म्हणायचा, "तोंडावर लोक गोड बोलतेत, वहीत खरं बोलतेत. वही म्हणीन तेच गायचं."

मी तेव्हा अकोल्याला एका कचेरीत नुकताच कारकून लागलो होतो. एकदा डबा विसरलो म्हणून वडील भाकर घेऊन आले. ते सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापसाच्या गाठी वाहायचे. भुवयांतही कापूस अडकलेला. सोबत आमचा शाहीरही होता. शेजारच्या कारकुनाने विचारलं, "कोण हे?"

"गावाकडचा गडी आहे," मी म्हणालो.

वडिलांनी भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं आणि गेले. शाहीरही त्यांच्यामागून गेला.

दोन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, आमच्याच वस्तीत त्याने नवं गाणं म्हटलं. गाठी वाहणारा बाप साहेब झालेल्या मुलाकडे जातो, मुलगा त्याला गडी म्हणतो. नाव कुणाचंच नव्हतं. लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. वडील पुढेच बसले होते. मी मागे.

सकाळी वही घेऊन निघालो, लिहिता न येणाऱ्यांच्याच दारी. एक म्हातारी म्हणाली, "लिव बाप्पा, माह्या पोराले बोलावून हे आयकवा. बाकीचे गाणे नसले तरी चालते."

एक हमाल म्हणाला, "लय झोंबलं. पण गोड गाण्यानं कोणाचं डोकं ठिकाणावर येते काय? हे सोडलं त मी येणार नाही, लिव."

"तुले काहून झोंबलं बे," दुसरा हसला, "तुह्यं पोट्टं त तिसरीतच बसून राहिलं."

मी मान डोलावत लिहीत होतो : गाणं फार कडू आहे. वस्तीची बदनामी होते. गाऊ नये. शब्द थोडे इकडेतिकडे करून आठ वेळा लिहिलं. आठ अंगठे घेतले.

नववे वडील. "चांगलं हाये म्हणून लिव," एवढंच म्हणाले आणि अंगठा पुढे केला. मीच त्याला शाई लावली. त्या अंगठ्यावरही तेच लिहिलेलं आहे.

संध्याकाळी त्याने वही वाचली. शेवटच्या पानावर थांबला.

"मामानंही?"

"त्यांना लागलं," मी म्हणालो.

गाणं चोपडीत आलं नाही. पुढे कुणी कुणी त्याला विचारायचे, बापाचं गाणं काहून नाही म्हणत? तो हसून डफ शेकायला घ्यायचा. तोंडावरचं बोलणं त्याने कधी खरं धरलं नाही. त्याची गाणी हळूहळू मऊ होत गेली, मग थांबली. वडील आधी गेले, आणि काही वर्षांनी तो.

त्याच्या बायकोने वही माझ्या हातात दिली. "तुमचंच अक्षर हाये, भाऊजी, तुमीच ठेवा." तिला वाचता येत नाही. मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, "लोकायले ते गाणं खरंच नव्हतं काय आवडलं? ह्यायच्या मनाले लय लागलं होतं."

मी म्हणालो, "बस निघेल."

आठवणीतून ते गाणं लिहून काढायला बसतो, दोन कडव्यांपुढे जात नाही. पण नऊ जण काय बोलले ते शब्दन्‌शब्द पाठ आहे. अमरावतीला जाऊन ते तिला सांगायचं, आणि खोटं कोणी लिहिलं तेही, एवढं माझ्याकडून राहिलेलं आहे.