उकळलेला स्पंज

बायको गेली आणि तिचे चार सोनेरी मासे माझ्या गळ्यात पडले. दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं, तरी म्हणाली, "माशांकडं बघा." पोरांकडं बघा म्हणाली नाही. मला मासा कळतो तो तव्यावरचा. पण शब्द दिला म्हटल्यावर ते जगलेच पाहिजेत.

टाकीत पाणी गाळायचं एक यंत्र आहे, त्यात स्पंज असतो. एकदा काढून बघितला तर गोठ्यातल्या गटारासारखा काळा आणि बुळबुळीत. माझा जन्म दुधाच्या धंद्यात गेला. किटली उकळत्या पाण्यानं धुतली नाही तर दूध नासतं, एवढं एकच शास्त्र मला येतं. तेच वापरलं. स्पंज खळखळा उकळला, गच्चीवर कडक उन्हात वाळवला आणि परत बसवला. दिसायला असा झाला की मीच दोनदा उठून बघून आलो.

दोन-तीन दिवसांत टाकीतलं पाणी पांढरं झालं. दुधात पाणी घालतो म्हणून गल्लीनं मला जन्मभर बोल लावला. आता माझ्या घरात पाण्याचं दूध झालं, तर बघायला कोण नाही. एक मासा मेला. उरलेले तिघे वर तोंड काढून धापा टाकायला लागले.

शाहूपुरीतल्या मासेवाल्याकडं गेलो. त्यानं कपाळावर हात मारला.

"आजोबा, स्पंज उकळलासा? आतलं जंतू मेलं की समदं!"

"मग? जंतू मारायलाच उकळला की!"

"ते कामाचं जंतू हुतं. पाण्यातली घाण तेच निस्तारत्यात. आता कुणाच्या तरी चांगल्या टाकीतला घाण स्पंज आणून लावा. माझा नको, माझ्या टाक्यांत औषध घातलंय."

माझ्या ओळखीत टाकी एकच. गारगोटीला, लेकीच्या सासरी. आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बापानं पिऊ नये म्हणतात. नातू कॉलेजात गेला तरी मी ते पाळत आलो, आणि मोठ्या ताठ्यानं. आता त्याच दारात किटली घेऊन उभा राहिलो.

"विहीणबाई, तुमच्या टाकीतली जरा घाण पायजे."

विहीणबाईंचं तोंड म्हणजे तोफ. "व्हय पावणं? आमचा चहा चालत न्हाय, आन घाण चालती?"

"प्यायची न्हाय, न्यायची हाय."

"आदी चहा घ्या. मग स्पंज."

"आमच्यात पीत न्हाईत."

"तुमची मालकीण प्यायची की! दर खेपंला सैपाकघरात बसून दोन कप. वर म्हणायची, भाईर सांगू नगासा, म्हातारा भडकंल."

लेक भिंतीकडं तोंड करून हसत होती. म्हणजे तिलाही ठाऊक. आणि आमची ही बायको परत जाताना स्टँडवर "नरडं सुकलं वो माझं" म्हणून दर खेपेला माझ्याकडून उसाचा रस काढायची! मला हसू फुटलं. म्हटलं, आणा चहा, आणि तिच्यासारखेच दोन कप प्यालो.

विहीणबाईंनी अर्धा स्पंज कात्रीनं कापला आणि त्यांच्याच टाकीच्या पाण्यासकट किटलीत सोडला. एसटीत शेजारच्यानं विचारलं, "दूध का पावणं?"

"घाण," म्हटलं. तो खिडकीकडं सरकला. मला ऐसपैस जागा झाली.

स्पंज लावला आणि रोज टाकीपुढं ठाण मांडलं. पाणी हळूहळू निवळत गेलं. एका सकाळी पलीकडची भिंत स्वच्छ दिसली आणि तिघेही तळाला फिरत होते. मी चिमूटभर खाणं टाकलं. वर आले, खाल्लं आणि मला शेपूट दाखवून निघून गेले. ती असली की काचेला तोंड लावून थांबायचे. माझ्यासाठी अजून थांबत नाहीत. थांबतील. मला तरी आता कुठं जायचंय.