ढवळीचा छातीपट्टा

दिवाळी उलटली की खर्ड्यातली जोडपी ऊसतोडीला ट्रकमधून जातात. मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि कुत्री कानिफनाथच्या व्हॅनमधून. कुत्र्याचं तिकीट फाडणारा हा तालुक्यातला एकटाच, अशी चेष्टा होते. तो ती मनावर घेत नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यानं पिकअपच्या हौद्यात एक कुत्रा बैलासारखा बांधला होता. गळ्यात दोरी, दोरी कडीला. गतिरोधकावर कुत्रा फळीवरून उडाला आणि बाहेर लोंबकळला. मागच्या मोटारसायकलवाल्यानं बोंब मारली म्हणून वाचला. त्यानंतर कानिफनाथनं भंगारातले सीटबेल्ट आणून कुत्र्याच्या छातीवर आणि पाठीवर बसतील असे पट्टे शिवून घेतले. गळ्याला काही बांधायचं नाही, आणि निघण्याआधी खायला घालायचं नाही, हे त्याचे दोन नियम.

दुसरा नियम कुणी पाळत नाही. घरातून निघणाऱ्या जिवाला रित्या पोटी धाडायचं नाही, ही गावाची रीत.

यंदा म्हातारी लंकाबाई आणि तिची कुत्री ढवळी होती. लंकाबाईचा मुलगा आणि सून ज्योती आठवड्याआधीच कोपरगावकडे गेले होते. उसाच्या कडेला त्यांची पाचटाची झोपडी, कोपी, सोबत तीन वर्षांची लेक जया, आणि त्या शिवारात बिबट्या दिसलेला. ढवळी धड पोचणं गरजेचं होतं.

"अक्का, कुत्रीला काय घातलं का?"

"न्हाई बाबा."

"मग मिशीला दूध कशाचं?"

"दुधात चतकोर भाकर हुती. उपाशी न्यायची का? तू लई मोठा डाक्टर!"

"आता सीट तुमीच पुसायची."

तिचं पोट हलकं व्हावं म्हणून कानिफनाथनं दोन तास गाडी काढली नाही. मग ढवळीला पट्टा चढवून तो मधल्या सीटच्या बेल्टात अडकवला. तिला बसता-लोळता यावं, पण दाराबाहेर जाता येऊ नये, एवढाच सैल. काच चार बोटं उघडी.

राहुरीच्या पुढं ढवळी ओकली. लंकाबाई गडबडली. गाडी थांबायच्या आत तिनं उजवीकडचं सरकतं दार ओढलं. ढवळीनं उडी घेतली. शेजारून उसाची ट्रॉली धडधडत गेली. पट्टा ताणला गेला, ढवळीचे पुढचे पाय पायरीवर टेकले आणि तिथंच राहिले.

कानिफनाथनं गाडी डावीकडं घेतली.

"माजं चुकलं रं," लंकाबाई म्हणाली. तिचा हात दारावरच होता.

"दार लावा आदी."

त्यानं ढवळीला डाव्या दारानं उतरवलं, थोडं पाणी पाजलं, बाभळीच्या सावलीत फिरवलं. तोवर लंकाबाईनं न सांगता सीट पुसून काढली. पुढं तिनं दाराला हात लावला नाही. ढवळी झोपली.

दिवस कलायच्या आत ते कोपीवर पोचले. कोपीचं काटक्यांच्या ताट्याचं दार बाहेरून सुतळीनं बांधलेलं होतं. आत जया, दारात राखणीला ज्योती. आठ दिवस उसाच्या फडात तिच्या एकट्या नवऱ्याचाच कोयता चालला होता.

ढवळीनं कोपीला दोन फेऱ्या घातल्या, उसाच्या तोंडाशी थांबून वास घेतला, आणि तिथंच अंग टाकलं. कान उभे.

ज्योतीनं तिच्याकडं बघितलं आणि सुतळी सोडली. जया बाहेर पळाली.

"सासूबाई, उद्यापासून मी बी फडात जाते," ज्योती म्हणाली, आणि चहाला आधण ठेवलं.